विहिणीचं मशीन

९ जानेवारी, मंगळवार

आज माझं हक्काचं काम चोरीला गेलं, आणि चोरटी बाई माझ्याच डोळ्यांदेखत माझ्या नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

बाळ वेळेआधी आलं, त्याला मी काय करणार? निरोप मिळाला तेव्हा आमच्या न्सुक्कात पेट्रोल नव्हतं, गाड्या उभ्या होत्या. सामान बांधून मी नुसती हात चोळत बसले होते. आज कशीबशी गाडी मिळाली. बरोबर यामचे कंद, सुकी मासळी, उटाझीची कडू पानं, पाम तेलाचा डबा, लेकीच्या, ओलान्माच्या, पोटाला बांधायचं कापड, सगळं घेऊन एनुगूला मुलीच्या दारात उभी राहिले. दार कुणी उघडलं? मामा टोबेन्नाने. माझ्या जावयाच्या, टोबेन्नाच्या आईने; आमच्यात आईला मामा म्हणतात. कमरेला फडकं खोचलेलं, खांद्यावर बाळ.

"या ओगो, या विहीणबाई," ती म्हणाली. "जरा हळू बोला हं, आत्ताच न्हाऊ घालून निजवलंय."

न्हाऊ घालून!

ओमुग्वो, म्हणजे बाळ-बाळंतिणीची सेवा, मुलीच्या आईनेच करायचा, हे आता नव्याने सांगायला हवं का? सासूने पुढच्या खोलीत बसावं, बघायला येणाऱ्यांच्या मानेला आनंदाची पावडर लावावी, नातवंडाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय असं ज्याला त्याला सांगावं. बाळाचं न्हाणं, बाळंतिणीचा शेक, यामचं तिखट पाणी, ही कामं मुलीच्या आईची. माझ्या आईने माझी केली, तिच्या आईने तिची केली. आणि ही बाई आधीच येऊन ठाण मांडून बसली आहे.

मग मला स्वयंपाकघरामागच्या बोळात नेलं. तिथे पांढरंशुभ्र कपडे धुण्याचं मशीन.

"मीच आणलं सुनेसाठी," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला धुण्याचासुद्धा त्रास नको. तुम्ही आपल्या पाहुण्यासारख्या आरामात राहा."

पाहुणी! माझ्या पोटच्या पोरीच्या बाळंतपणात मी पाहुणी! अंगाचा तिळपापड झाला, पण हसले. चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई आहे मी, कधी हसायचं ते मला कळतं.

ओलान्मा फिकट दिसते. मला बघून रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस, मी आले आहे ना, आता बघतेच त्या बाईकडे."

"मामा, तसं काही नको गं," ती म्हणाली. मग विहीणबाई बाळ घेऊन आत आली तसे ओलान्माने हात पुढे केले. मामा टोबेन्ना म्हणाली, "तू झोप, मी बघते." मीही म्हटलं, झोप. तेवढ्या एकाच बाबतीत आज आमचं एकमत झालं.

झोपण्यापूर्वी प्रार्थनेत मी देवाला सांगितलं, त्या मशीनचं काहीतरी कर. आमच्या चर्चच्या मातामंडळाची मी चिटणीस आहे, अशी प्रार्थना करू नये हे मला कळतं. तरी केली.

१० जानेवारी, बुधवार

पहाटे उठून पाणी तापत ठेवलं. वळून बघते तर विहीणबाई घंगाळ घेऊन तयार. मी म्हटलं, "द्या इकडे." ती म्हणाली, "कशाला, तुम्ही प्रवासाने दमलात." घंगाळाचा एक काठ तिच्या हातात, दुसरा माझ्या. शेवटी न्हाऊ तिने घातलं, आणि मी टॉवेल धरून उभी. टॉवेल धरून!

ओलान्मा दारात येऊन उभी राहिली. "आज मी घालू का?" तिने विचारलं.

"तू?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. टाके ओले आहेत, हात घसरेल, मान धरता येत नाही अजून. बिचारी परत खाटेवर गेली. पाजायला बाळ तिच्याकडे देतोच की आम्ही.

नंतर तासभर ते मशीन घरघरत होतं आणि विहीणबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसून टीव्ही बघावा तशी बघत होती. मधूनच मला सांगायची, "आता पिळतंय."

हिचे उट्टे काढल्याशिवाय मी न्सुक्काला परत जाणार नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

देवाने ऐकलं!

पहिलं म्हणजे आज मी तिच्याही आधी उठले आणि माझ्या नातीला, गिनिकाला, मी न्हाऊ घातलं. तेल लावून नाक ओढलं, डोकं दाबून गोल केलं, हातपाय ताणले. पोर लाल होऊन ओरडली. विहीणबाई दारात दातओठ खात उभी होती. मी तिच्या हातात टॉवेल दिला.

आणि दुसरं म्हणजे मशीन बंद पडलं. कपडे भरले, साबण घातला, कळ दाबली, टिक्‌ असा आवाज आला आणि काही नाही. पुन्हा दाबली. पुन्हा टिक्‌.

"तुम्ही यायच्या आधी चालत होतं," विहीणबाई म्हणाली.

हा सरळ आरोप झाला. मग मात्र मी पदर खोचला. दोष माझ्या हाताचा नाही, तिच्या मशीनचा आहे, हे मला सिद्ध करून द्यायचं होतं. आधी वाटलं, वीज कमी आहे. इथे दुपारी वीज येते ती दिवा नुसता लालसर करायला येते. पण आज पंखा चांगला गरगरत होता. व्होल्टेज सांभाळणारा डबा बघितला, काटा जागेवर. मग पाणी. गच्चीवरच्या टाकीत काठी घालून बघितली, टाकी भरलेली. नळ उघडा. पाइप कुठे दुमडलेला नाही. मग दार. उघडून लावलं, ढकलून लावलं, कमरेने दाबून लावलं. प्लग काढून पुढच्या खोलीतून वायर ओढली. तरी तेच, टिक्‌. मशीनवरचे दिवे मात्र लागतात. कोपऱ्यात एक बारीकशी पर्स काढली आहे, ती लाल दिसते. फार कपडे भरलेत असं सांगत असेल म्हणून निम्मे काढले. तरी नाही.

विहीणबाई पुढे आली, वाकून बराच वेळ बघत राहिली. मग ओलान्माच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बिघडलंय."

"महागाचं दिसतंय," मी म्हटलं. "नाही?"

ती मशीनमधले कपडे बाहेर काढायला लागली. दातखीळ बसली होती तिची. आज मी दोनदा जेवले.

१४ जानेवारी, रविवार

चर्चहून आल्यावर दिवसभर बघायला माणसं. मशीन बंद असल्याचं मी प्रत्येकाला सांगितलं. कोणी आणलं होतं तेही सांगितलं.

बाळंतिणीच्या घरात कपड्यांचा ढीग थांबत नाही. लंगोट, चादरी, दुपटी, ओलान्माची लुगडी. काल सकाळपासून आम्ही दोघी मागच्या अंगणात पिंपाशेजारी बसून हाताने धुतो आहोत. वाटणी मी केली. शिक्षिकेला वाटणी करता येते. लंगोट आणि झबली मी घेतली, आणि विहीणबाईला घोंगडं, जाड चादरी आणि तिच्या लेकाच्या पँटी दिल्या. टोबेन्ना पोर्ट हारकोर्टहून शुक्रवारी येतो आणि आठवडाभराच्या पँटी आणतो. म्हटलं, तुमच्याच मुलाच्या आहेत, तुम्हालाच नीट जमतील.

आणि बाई धुते! एक शब्द नाही. मला वाटलं होतं भांडेल, मग मी काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. ते पोटातच राहिलं.

टोबेन्ना म्हणाला, "कारागीर बोलावतो." विहीणबाई म्हणाली, "कशाला घाई? बाळाचे कपडे हातानेच चांगले निघतात." स्वतःच्या मशीनची अब्रू झाकते आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

ओलान्माच्या गालावर रंग आला. माझ्या यामच्या पाण्याचा गुण. दूधही चांगलं उतरतंय. आज खोलीतून गुणगुणताना ऐकली. सकाळी मला म्हणाली, "मामा, पहाटे फार गारठा असतो. बाळाला उन्हं आल्यावर न्हाऊ घालायचं का?" खरंच आहे, हर्मटानच्या कोरड्या वाऱ्याने ओठ फुटलेत सगळ्यांचे. म्हटलं, बरं, धुणं आटोपून घालू.

धुणं आटोपायला वेळ लागला, कारण मी दिवाणखान्याचे पडदे काढून विहीणबाईपुढे टाकले. पडदे स्वच्छ होते. म्हणून काय झालं? तिचे हात फुटलेत, बोटांच्या सांध्यांवर रक्त दिसत होतं. बघून बरं वाटलं. मग थोडं कमी बरं वाटलं, मग तिने मला "मामा ओलान्मा, लंगोट जरा जोर लावून घासा" म्हटलं, आणि पुन्हा पूर्ण बरं वाटलं.

वाळत घालून आत आले तर बाळाच्या केसांना साबणाचा वास!

"झोपलीय आता," ओलान्मा म्हणाली. "उद्या घाल."

कुणी घातलं न्हाऊ? मी तारेवर कपडे टाकत होते तेव्हा विहीणबाई 'निळीची पुडी आणते' म्हणून आत गेली होती. निळीच्या पुडीला एवढा वेळ लागतो?

तिला तोंडावर विचारलं. "आज गिनिकाला तुम्ही न्हाऊ घातलंत?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पलीकडे ओलान्मा उभी होती तिकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "मीच. काय म्हणणं आहे?"

किती निर्लज्ज! माझ्या नाकावर टिच्चून! मी म्हटलं, "म्हणणं काही नाही, ओगो. उद्या गाद्यांचे अभ्रे काढू."

१८ जानेवारी, गुरुवार

काल, आज, रोज तेच. मी अंगणातून येते तोवर पोर न्हालेली. आणि विचारलं की विहीणबाई मान वर करून "हो, मीच." काल तर ती माझ्यासमोरून पिंपापासून हललीच नव्हती असं मला वाटत होतं. पण हलली असणार. मधे मला शेजारीण भेटायला आली होती, तेवढ्यात साधलं असेल. ही बाई दिसते तेवढी जड नाही, फार चपळ आहे.

आणि आज तिचं पाणी मला पुरतं कळलं. टोबेन्नाने फोन करून कारागीर पाठवला होता. मी तार पुसत होते, फाटकाशी माणूस दिसला, हातात अवजारांची पिशवी. विहीणबाई लगबगीने गेली. तो म्हणाला, "मशीन सुरू होत नाही म्हणून फोन होता." ही म्हणते, "चुकीच्या घरी आलास रे बाबा. इथे सगळं सुरू आहे." आणि फाटक लावून घेतलं!

म्हणजे मशीन टोकुन्बो आहे. बाहेरदेशात कुणीतरी वापरून टाकलेलं, लागोसच्या बंदरावर उतरलेलं, पुसूनबिसून नवं म्हणून सुनेच्या घरात आणून ठेवलेलं. कारागिराने मागचं झाकण उघडलं असतं की कळलं असतं. म्हणून त्याला हाकलला.

आता सापडली. रविवारी चर्चमध्ये गिनिकाचं अर्पण, म्हणजे बाळाला देवाच्या हाती सोपवायचा विधी, आहे. दोन्हीकडची माणसं असतील. आजी म्हणून मला बोलायला उभं करतील. तेव्हा मी हसत हसत सांगणार आहे, आमच्या विहीणबाईंनी नातीसाठी जुनं मशीन आणलं, देव त्यांचं भलं करो. वाक्य पाठ केलं. आरशात बघूनही म्हटलं.

त्याआधी एकदा तिला न्हाऊ घालताना रंगेहाथ पकडायचं आहे.

२० जानेवारी, शनिवार

पकडलं.

सकाळी विहीणबाई साबण संपला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाते म्हणाली. मी म्हटलं, जा. आता ही फाटकातून जाऊन पुढच्या दाराने आत शिरणार, हे मला माहीत होतं. थोडा वेळ मुद्दाम बादली वाजवत राहिले. मग चप्पल काढून हळूच आत गेले. खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. मी दार ढकललं. "बरी सापडलीस!" असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

आत ओलान्मा होती. जमिनीवर पाय पसरून बसली होती, माझी आई बाळांना घ्यायची तसं गिनिकाला पायांवर घेऊन. एका हाताने मान धरलेली, अगदी नीट. आणि पोर रडत नव्हती. माझ्या हातात रोज ओरडायची. ओलान्मा तिच्याशी बोलत होती, "हे कुणाचं पोट? हे कुणाच्या सोनुलीचं पोट?" मी माझ्या लेकीचा असला आवाज तिच्या लहानपणापासून ऐकला नव्हता.

मला बघून तिचा चेहरा एकदम बंद झाला.

"मामा, पुढे येऊ नकोस," ती म्हणाली. "माझं संपू दे."

मी तिथेच उभी राहिले. मग टॉवेल हवा होता तर तो मी दिला.

बाळाला गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली, "मशीन बिघडलेलं नाही. मीच कुलूप लावलंय. एक कळ दाबून धरली की पोरांनी हात लावू नये म्हणून सगळं बंद होतं. त्या कोपऱ्यातल्या कुलपाचा दिवा लागतो."

"ती पर्स आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"मामा, ते कुलूप आहे. तुम्ही दोघी माझ्या खोलीतून हलत नव्हता. धुणं असलं की तरी दोघी बाहेर जाता. ती कधी बाहेर जाईल यावर तू लक्ष ठेवतेस, तू कधी जाशील यावर ती. माझी पोर ह्या मांडीवरून त्या मांडीवर. मी तिला फक्त पाजायचं. मी गाय आहे का?"

मला फार लागलं. मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी आले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण तू आल्यापासून तिच्याशीच भांडते आहेस. माझ्याशी कधी बोललीस?"

मी बाहेर येऊन बादलीशी बसले. रडू आलं, ते पाण्यात तोंड धुऊन लपवलं. मग डोकं थोडं थंड झाल्यावर मला आणखी एक गोष्ट सुचली. कुलूप ओलान्माने लावलं हे विहीणबाईला माहीत नाही. म्हणजे मी गप्प राहिले तर तिला रोज धुवावं लागणार. लेकीचंही काम होतंय आणि माझंही. असा सूड मला ठरवूनही जमला नसता.

पण "हो, मीच" असं ती का म्हणत होती, ते मात्र कळलं नाही. फुशारकी मारायची सवय, दुसरं काय.

२१ जानेवारी, रविवार

अर्पण छान झालं. मला बोलायला उभं केलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पण मशीनचं बोललं असतं तर टोबेन्नाने दुसऱ्याच दिवशी चार कारागीर आणले असते. म्हणून आकाशातल्या बापाचे आभार मानून खाली बसले. विहीणबाई माझ्याकडे बघून हसली. का हसली कोण जाणे. मला राग आला.

२३ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी दोघी पिंपाशी. आतून ओलान्माचा आवाज येत होता, पाण्याचा येत होता. मला विहीणबाईचा पडलेला चेहरा बघायची इच्छा झाली. कित्येक दिवस झाले होते.

"ओगो," मी म्हटलं, "मशीनची काही आशा नाही हं. मला वाटतं ते कायमचंच गेलं."

ती चादर घासत राहिली. "सुरू होईल की," ती म्हणाली. "आपण दोघी गेलो की सुरू होईल."

माझे हात थांबले.

"माझ्या घरी अगदी असंच आहे," ती म्हणाली. "सुटीत नातवंडं आली की मी रोज कुलूप लावते. बंद पडलं त्या दिवशीच कळलं मला."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? टोबेन्नाच्या वेळी माझी आई होती, शिवाय सासूही येऊन बसली होती. मी त्याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं तेव्हा त्याला दात आले होते. चावला मला."

मला हसू येत होतं, ते मी गिळलं. "आणि रोज 'मीच, मीच' म्हणत होतात ते?"

"मग काय सुनेचं नाव सांगू तुम्हाला? तुम्ही तिला सोडलं असतंत?"

मी हातातला लंगोट उलटा करून पुन्हा घासला. सोडलं नसतं.

"एवढं सगळं कळत होतं," मी म्हटलं, "तर मग मी यायच्या आधीच पोर तिच्याकडून काढून का घेतलीत?"

विहीणबाईने चादर खाली ठेवली. फुटलेली बोटं फडक्याला पुसली.

"तुम्ही येणार होतात ना," ती म्हणाली. "तुम्ही पोचायच्या आत मला तिला एकदा तरी माझ्या मांडीवर घ्यायचं होतं. नंतर तुम्ही मला हात लावू दिला असतात का?"

एवढे दिवस मी हिला घोंगडी दिली, पडदे दिले, अभ्रे दिले, आणि हिने सगळं माहीत असून धुतलं. तोंडातून हूं नाही. मी सूड घेते आहे असं समजत होते आणि ही मला तो घेऊ देत होती, वर माझ्या लेकीसाठी माझ्याच तोंडून शिव्या खात होती. माझा ओमुग्वो पळवला, ते एखाद वेळी मी विसरेन. हे विसरणार नाही. असं कुणी कुणाला वागवतं का?

आज कपडे थोडेच होते, धुणं लवकर संपलं. आत अजून न्हाणं चालू होतं, गिनिका काहीतरी आवाज काढत होती आणि ओलान्मा हसत होती. उठून आत जायला आता काही कारण उरलेलं नव्हतं, आणि न जायलाही. मी पिळून ठेवलेली चादर उचलली आणि पुन्हा बादलीत बुडवली.

विहीणबाईने ते बघितलं. साबणाची वडी माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. माफ मात्र केलेलं नाही.